बाजारात बसावे कुठे?

जिभेवर साखर हवी, डोक्यावर बर्फ हवा आणि गाठीला थोडे भांडवल हवे, म्हणजे धंदा चालतो, असे वडीलधाऱ्यांकडून आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चौथी गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. ती म्हणजे बैठकीची जागा. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण खरी आहे. पण बोलणारा अशा कोपऱ्यात बसला असेल की जिथे ऐकणारा फिरकतच नाही, तर त्याने बोलावे तरी कोणाशी? आठवडी बाजारात दोन माणसे एकच माल, एकाच भावाने घेऊन बसतात. दिवस मावळताना एकाचे पोते रिकामे होते आणि दुसरा भरले पोते पुन्हा गाडीवर चढवतो. लोक म्हणतात, नशीब. मला वाटते, त्यातले बरेचसे नशीब हे जागेचे नाव आहे.

हा विषय मी निवडला तो पुस्तकी हौसेने नव्हे. माझे वडील कुलपे, स्टोव्ह, कंदील आणि छत्र्या दुरुस्त करतात. मोडीत निघालेल्या वस्तू विकत घ्यायच्या, त्यांची डागडुजी करायची आणि पुन्हा विकायच्या, हा आमचा व्यवसाय. आई शेजारीच जुनी भांडी मांडून बसते. माझ्या शिक्षणाचा खर्च त्या दोन पथाऱ्यांनी उचलला आहे. आता धाकटा भाऊ येत्या दिवाळीपासून स्वतंत्र बसणार आहे आणि त्याने कुठे बसावे, यावर घरात रोज रात्री खल चालतो. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मी वर्गात जे शिकले आणि मुलगी म्हणून बाजारात जे पाहिले, ते एकत्र मांडून पाहावे, असे मनात आले. आपल्या महाविद्यालयात बाजारकऱ्यांची मुले-मुली काही थोडी नाहीत. त्यांना यातले काही उपयोगी पडेल, काही खोडून काढावेसे वाटेल. दोन्ही मला चालेल.

प्रथम बाजार म्हणजे काय, हे नीट पाहू. चिखलीला रेल्वे नाही. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी शंभराहून अधिक वर्षांची आहे. पण आजही आपल्या बाजाराला येणारा माणूस रस्त्यानेच येतो. खामगाव, जालना, बुलडाणा आणि मेहकर या चारही बाजूंचे रस्ते इथे एकत्र येतात, म्हणून तर चिखली बाजारपेठ झाली. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून एस.टी.ने, जीपने, मोटारसायकलवर, कोणी बैलगाडीने येतो. तो फक्त मीठमिरची घ्यायला येत नाही. सोयरीक पाहायची असते, दवाखाना असतो, तहसिलीतले काम असते, लेकीची खुशाली विचारायची असते. डेक्कन कॉलेजातर्फे १९७० साली इरावती कर्वे आणि हेमलता आचार्य यांचे आठवडी बाजारांवरचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. आदिवासी, ग्रामीण आणि नागरी अशा तिन्ही ठिकाणी या बाजाराचे कार्य काय, याचा त्यात शोध घेतला आहे. विदुषींना ज्याचा अभ्यास करावासा वाटला, ती गोष्ट आपण दर आठवड्याला पायांखाली तुडवत जातो आणि तिच्याकडे पाहत नाही!

तर बाजार ही वाहती गोष्ट आहे. जागा निवडणे म्हणजे या वाहत्या माणसांच्या ओघात कुठे उभे राहायचे, ते ठरवणे. त्यासाठी पहिला प्रश्न जागेचा नसून मालाचा आहे. मालाचे ढोबळ मानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार ठरवून घ्यायच्या मालाचा: कांदे, बटाटे, तेल, मीठ. हा माल घ्यायचाच असतो. गिऱ्हाईक तो शोधत येते. दुसरा प्रकार पाहून घ्यायच्या मालाचा: बांगड्या, फुगे, खेळणी, रिबिनी. घरून निघताना हे कोणाच्या मनात नसते. नजरेस पडले की हात पुढे होतो. तिसरा प्रकार पारखून घ्यायच्या मालाचा: कापड, चपला, बी-बियाणे आणि आमच्यासारख्यांच्या जुन्या वस्तू. हा माल माणूस चार ठिकाणी उलटापालटा करून पाहतो, घासाघीस करतो आणि मग घेतो. पहिल्या प्रकाराला थोडी आडबाजूही चालते. दुसऱ्याला भर रस्त्यावरची जागा हवी. तिसऱ्याला काय हवे, ते जरा सविस्तर सांगते. कारण नवखा माणूस नेमका तिथेच अडखळतो.

नवख्याला वाटते, जिथे आपल्यासारखा माल कोणाकडेच नाही तिथे बसावे, म्हणजे सारे गिऱ्हाईक आपले. वरवर हे पटते. पण बाजारात पाहा. चपलांची ओळ एका जागी, मसाल्यांची एका जागी, दोरखंडवाले सारे एका झाडाखाली. इतकी वर्षे धंदा करणारी ही माणसे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून का बसतात? हॅरॉल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२९ साली एका लेखात या प्रश्नाच्या एका बाजूचे गणित मांडले. एक सरळ रस्ता कल्पावा. त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर वस्ती आहे आणि सारखाच माल विकणारे दोन दुकानदार आहेत. प्रत्येक जण दुसऱ्याचे थोडे गिऱ्हाईक ओढण्यासाठी मधल्या बाजूला सरकत जातो आणि शेवटी दोघे मधोमध शेजारी शेजारी येऊन बसतात. हे झाले विक्रेत्याच्या बाजूने. गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिले तर कारण आणखी साधे आहे. ज्याला चार कुलपे पाहून एक घ्यायचे आहे, तो कुलपांच्या ओळीतच जाणार. एकट्या पडलेल्या पथारीवर भाव खरा की खोटा, हे त्याला ताडून पाहता येत नाही. त्यामुळे तो तिथे थांबतो, विचारतो आणि ‘येतो फिरून’ म्हणून निघून जातो.

जुन्या मालाला तर ओळीशिवाय गती नाही. मुंबईचा मटण स्ट्रीटवरचा चोर बाजार किंवा वर्षानुवर्षे रविवारी-बुधवारी भरत आलेला पुण्याचा जुना बाजार घ्या. तिथे जाणाऱ्याला काय घ्यायचे ते पुष्कळदा ठाऊक नसते. ‘तिथे काहीतरी मिळेल’ एवढेच ठाऊक असते. हा भरवसा एका दुकानाचा नसतो, साऱ्या ओळीचा असतो. गोव्यात १९७०च्या दशकात हिप्पी मंडळींनी हणजूणच्या किनाऱ्यावर आपल्याजवळच्या वस्तू विकायला सुरुवात केली आणि त्याचा बुधवारचा मोठा बाजार झाला. त्याचेही मर्म हेच. आपल्या बाजारात जुने कपडे विकणाऱ्या बाया, भंगारवाले, कुलूपकिल्लीवाले एका अंगाला बसतात. ते बाजूला टाकलेले नाहीत. ते एकमेकांचे गिऱ्हाईक राखतात. मात्र ओळीत बसून आपला माल अगदी शेजाऱ्यासारखा ठेवू नये. शेजाऱ्याकडे कुलपे असतील तर आपण बिजागऱ्या आणि कड्याही ठेवाव्यात. ओळ एक आणि माल थोडा वेगळा, हा मध्यम मार्ग.

आता ओघाविषयी. बाजाराच्या तोंडाशी जागा मिळाली म्हणजे बाजी मारली, असा समज आहे. पण तोंडाशी माणूस घाईत असतो. उन्हातून आलेला असतो, बरोबरचे पोर सांभाळत असतो, कुठून सुरुवात करायची ते ठरवत असतो. पॅको अंडरहिल या अमेरिकन निरीक्षकाने दुकानांतल्या गिऱ्हाइकांवर नुसती नजर ठेवून १९९९ साली एक पुस्तक लिहिले. दुकानात शिरल्यावरच्या पहिल्या काही पावलांत मांडलेला माल लोकांच्या नजरेतून निसटतो, असे त्याला आढळले. आमच्या वडिलांनी ते पुस्तक वाचलेले नाही. पण ‘तोंडावर बसणाऱ्याले पत्ता इचारतात, माल नाही इचारत,’ असे ते म्हणतात. दोन्हींचा अर्थ एकच. तोंडापासून थोडे आत, जिथे पावलांची गती मंदावते, ती जागा बरी. त्याहून बरी म्हणजे दोन वाटा मिळतात तिथला कोपरा; कारण तिथे माणूस क्षणभर थांबून इकडे की तिकडे असे पाहतो, आणि त्या क्षणात आपला माल त्याला दिसतो.

जाणारी आणि परतणारी वाट एकच समजू नये. जाताना हात मोकळे असतात पण खिसा आवळलेला असतो. परतताना पिशव्या जड असतात पण उरलेला पैसा किती, ते कळलेले असते. म्हणून टोपली, घमेले, विळा, कोयता असा अवजड माल परतीच्या वाटेवर, स्टँडच्या बाजूला खपतो. हलका आणि हौसेचा माल जाण्याच्या वाटेवर.

वाट किती रुंद आहे, तेही पाहावे. अरुंद बोळात गर्दी दाट दिसते आणि नवखा तिला भुलतो. पण वाकून भांडे पाहणाऱ्या बाईला मागून धक्के बसू लागले की ती भांडे खाली ठेवून निघते. अंडरहिलनेही हेच नोंदवले आहे. गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. थांबलेली माणसे म्हणजे गिऱ्हाईक.

ऊन, वारा आणि पाणी यांचा विचार आपल्या वऱ्हाडात न करून चालणार नाही. वैशाखात दुपारी बाजार तापतो तेव्हा माणूस भावाकडे आधी पाहत नाही, सावलीकडे पाहतो. ‘ज्याले सावली भेटली, त्याले गिऱ्हाईक भेटलं,’ हे आईचे सूत्र. बाजाराला रंग चढतो तो दुपारनंतर आणि त्या वेळी ऊन पश्चिमेकडून येते. म्हणून भिंत, झाड किंवा पाल आपल्या पश्चिमेला, म्हणजे पाठीशी असेल, तर सावली पुढे मालावर आणि मालापुढे उभ्या राहिलेल्या माणसावरही पडते. सकाळी जागा पाहून खूश होऊ नये. सकाळची सावली दुपारी पाठ फिरवते. जागा पाहायची ती दुपारी तीन वाजता.

पावसाळ्यात उताराचा विचार करावा. आपली जमीन काळी. वरून चार सरी आल्या की सखल जागी चिखल होतो आणि गिऱ्हाईक चपला हातात घेऊन तिथे येत नाही. कोरड्या दिवसात पाण्याचा ओघळ कुठून गेला आहे, त्याची खूण जमिनीवर दिसते. ती पाहून घ्यावी. धुळीच्या रस्त्याला लागून खाण्याचा माल मांडू नये. आणि आता आणखी एक गोष्ट पाहावी लागते: मोबाइलला रेंज आहे की नाही. पन्नास रुपयांचे कुलूप घेणाराही आज क्यूआर कोड मागतो. पत्र्याच्या शेडखाली पैसे ‘फिरत’ राहिले, तर मागचे दोन गिऱ्हाईक निघून जातात.

शेजारी कोण, हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. जेवायला, पाणी प्यायला, पोराला बघायला उठावे लागते. तेव्हा पथारी शेजाऱ्याच्या भरवशावर असते. सुटे पैसे शेजारीच देतो. लाऊडस्पीकरवाल्याच्या शेजारी बसले तर आपला आवाज बुडतो. आमच्यासारख्या घासाघिशीच्या धंद्याला तर ते मारकच. मच्छीबाजारालगत कापड मांडू नये. चहाच्या टपरीजवळ मात्र आमच्या मालाला बरे. कारण चहा पिणारा माणूस रिकामा असतो आणि रिकामा माणूस कुलूप उघडून पाहतो.

बायकांच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. जागेच्या चर्चा बहुधा पुरुषांच्या असतात आणि त्यांत मुतारीचा विषय निघत नाही. कितीतरी बाया बाजाराच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत. कारण उठून जायचे कुठे? ज्या जागेपासून स्वच्छतागृह जवळ आहे, पिण्याचे पाणी जवळ आहे, संध्याकाळी उजेड आहे आणि शेवटची गाडी चालत गाठता येते, ती जागा धंद्याला दोन आणे कमी असली तरी बाईसाठी चांगली समजावी. तब्येत गेली तर जागा काय करायची?

आता पैशाचा हिशोब. पुढच्या जागेसाठी जास्त खर्च येत असेल तर तो परवडतो का, हे अंदाजाने ठरवू नये. समजा, पुढच्या जागेला मागच्या जागेहून पन्नास रुपये जास्त लागतात आणि आपल्याला शंभर रुपयांच्या विक्रीमागे वीस रुपये सुटतात. तर ते पन्नास रुपये भरून निघायला अडीचशे रुपयांची विक्री जास्त व्हावी लागेल. तेवढी वाढत असेल तर पुढे यावे. नाहीतर मागेच बरे. बाजारवसुलीचा बहुधा लिलाव होतो, ज्याला आपण हर्रास म्हणतो. दर काय ठरला आहे, ते विचारावे आणि पैसे दिले की पावती घ्यावी. पावती फेकू नये. पिशवीत जपून ठेवावी. का, ते सांगते.

बाजारात जागा ही रजिस्ट्रीने मिळत नाही, वहिवाटीने मिळते. ‘ही अमक्याची जागा’ असे सगळे म्हणतात म्हणून ती त्याची. शेजारच्या एका गावी रस्त्याचे काम निघाले आणि बाजार दुसरीकडे हलवला गेला. आमची तिथली बैठक एका दिवसात गेली. नव्या ठिकाणी जो आधी आला तो आधी बसला. आमची जुनी गिऱ्हाइके पुढे दोन महिने आम्हाला शोधत होती. दुरुस्तीला घेतलेल्या लोकांच्या वस्तू वडिलांच्या पेटीत पडून होत्या आणि त्या परत करायला माणसे सापडत नव्हती. त्या दोन महिन्यांत घरात जी ओढाताण झाली, तिने मला शिकवले की चांगली जागा निवडणे हे अर्धे काम. ती टिकवणे हे उरलेले अर्धे.

या बाबतीत २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण आणि पथविक्रीचे नियमन यांसाठी कायदा केला. तो शहरी भागाला लागू आहे. विक्रेते आणि गिऱ्हाईक परंपरेने जिथे जमत आले आहेत, अशा जागेला या कायद्यात ‘नैसर्गिक बाजार’ म्हटले आहे आणि तिला विचारात घेतले आहे. दर पाच वर्षांनी निदान एकदा विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावे, नगर पथविक्रेता समिती असावी, त्या समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांचे निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशा त्यात तरतुदी आहेत. जागेवरून हलवायचे तर ३० दिवसांची नोटीस द्यावी, असेही त्यात आहे. सर्वेक्षणात आपले नाव लागावे, यासाठी आपण तिथे बसत होतो हे दाखवावे लागते, आणि तिथे ती चिठोरी पावती कामाला येते. कायदा पुस्तकात असतो. तो बाजारात आणायचे काम आपल्यासारख्या लिहितावाचता येणाऱ्या मुलांचे आहे. निदान आई-वडिलांच्या पावत्या तारीखवार लावून ठेवणे तरी आपल्याला जमेल की नाही?

जागा टिकवण्याचा दुसरा उपाय म्हणजे न चुकता बसणे. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने मोरोक्को देशातील एका बाजाराचा अभ्यास करून १९७८ साली लिहिले की, बाजारात सर्वांत दुर्मिळ वस्तू म्हणजे खरी माहिती. म्हणून गिऱ्हाईक एकदा पारखलेल्या विक्रेत्याला धरून राहते. मोरोक्को कुठे आणि चिखली कुठे! पण ‘मागल्या बाजारी नेलेलं कुलूप अडकते’ म्हणून परत येणारा माणूस त्याच जागी आपल्याला शोधतो. तिथे आपण दिसलो, तर त्याचा विश्वास बसतो; जागा रिकामी दिसली, तर आपण पळपुटे ठरतो. जत्रेचा न्याय मात्र वेगळा. होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेला किंवा देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेला आलेला माणूस पुन्हा वर्षभर दिसणार नाही. तिथे ओळखीपेक्षा नजरेत भरणारी जागा मोलाची. जत्रेतले शहाणपण आठवडी बाजारात वापरू नये आणि बाजारातले जत्रेत.

शेवटी परीक्षेची रीत सांगते. कोणत्याही जागेवर पथारी टाकण्यापूर्वी तीन बाजार नुसते पाहण्यात घालवावेत. सकाळी, दुपारी तीनला आणि दिवेलागणीला अशा तीन वेळा, दर खेपेस पंधरा मिनिटे तिथे उभे राहावे. किती माणसे गेली ते मोजावे. त्यातली किती थांबली, ते वेगळे मोजावे. आणि किती जणांच्या हातात भरलेली पिशवी होती, तेही. दुसऱ्या जागी हेच करावे. मग दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. शेजारच्या विक्रेत्याशी बोलावे. ती जागा रिकामी का आहे, हे त्याला नक्की ठाऊक असते. भर बाजारात एखादी चांगली दिसणारी जागा बरेच दिवस मोकळी असेल, तर त्यात काहीतरी मेख आहे, असे समजावे.

याच रीतीने भावासाठी आम्ही दोन जागा तपासल्या. एक बाजाराच्या तोंडाशी, मोठ्या गर्दीची. दुसरी जुन्या मालाच्या ओळीत, टोकाला, पाठीशी भिंत असलेली आणि पलीकडे चहाची टपरी असलेली. भावाचा जीव पहिलीत अडकला होता. मोजदादीचा कागद त्याच्यापुढे ठेवला तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही आणि मग म्हणाला, ‘भिंतीची बरी.’ वडिलांनी नुसती मान हलवली. त्यांना कागदाची गरज नव्हती. पण मुलाला ती होती आणि मला त्यात आनंद आहे.

मोठमोठ्या कंपन्या आज दुकान उघडण्यापूर्वी जागेच्या पाहणीवर पुष्कळ पैसा खर्च करतात. आपल्या बाजारातली अंगठाबहाद्दर म्हातारी तीच पाहणी डोळ्यांनी आणि पायांनी करते आणि पुष्कळदा अचूक करते. तिचे ज्ञान कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. ते तिच्याबरोबर संपण्याआधी विचारून, लिहून ठेवावे, हे आपले काम आहे. पुढच्या बाजारी भाजी घेताना भावाची घासाघीस थोडी कमी करावी आणि ‘मावशी, तुम्ही इथेच का बसता?’ असे एकदा विचारून पाहावे. उत्तर ऐकण्यासारखे असते.